पहिल्या सहा घरांतले शब्द

मामाजींच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि ती उचलायला वाकलेले मामाजी तिच्यामागोमाग खाली गेले. आत्याबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. टेबलाखाली काहीतरी शोधताहेत असं समजून त्या म्हणाल्या, "सापडन, घाई काऊन करता." उत्तर आलं नाही, पण उत्तर न येणं ही काही नवी गोष्ट नव्हती. मेथीची जुडी संपल्यावर त्यांनी वाकून पाहिलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. मामाजी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मी देऊळघाटची, लग्न होऊन मोताळ्याला आले आणि इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागले. इतक्या वर्षांत मामाजी माझ्याशी थेट बोलले नव्हते. राग नव्हता, पद्धत होती. मी समोर कप घेऊन उभी असले तरी ते आत्याबाईंकडे बघून म्हणत, "सूनबाईले म्हणा, साखर जास्त झाली." आत्याबाई माझ्याकडे वळत, "साखर जास्त झाली म्हणते." मी म्हणे, "उद्यापासून कमी टाकते म्हणा." तेही आत्याबाई त्यांना सांगत. आम्ही तिघं एका हाताच्या अंतरावर उभे असायचो.

अर्धांगाच्या झटक्यानंतर मामाजी बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं तिथंच ठेवून. डॉक्टर म्हणाले, "डोकं एकदम ठणठणीत आहे. शब्दही सगळे आहेत. फक्त जीभ ऐकत नाही. व्यायाम करा, येईल हळूहळू." मामाजींच्या तोंडातून जे निघायचं ते आम्हाला कळायचं नाही, आणि कळलं नाही हे आमच्या तोंडावर दिसलं की ते गप्प बसायचे.

मग उपाय सुरू झाले. पाटी आणली. मामाजींचं अक्षर नकाशावर असतं तसं होतं, ताठ आणि एकसारखं. डाव्या हातानं त्यांनी एक शब्द लिहिला, त्याच्याकडे पाहिलं, कोपरानं पुसून टाकला आणि पाटी परत केली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा तक्ता दिला. त्यात ग्लास, ताट, पलंग आणि डोकं दुखत असलेला टाय घातलेला माणूस होता. मामाजींनी तो तक्ता चुकीच्या नकाशाकडे बघावं तसा पाहिला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. माझ्या नवऱ्यानं मोबाईल दिला. त्या काचेवर डाव्या अंगठ्याचा नेम लागेना. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी निधनाची बातमी आली होती, तिच्याखाली मामाजींकडून अभिनंदनाचा गुच्छ गेला. नवऱ्यानं दुपारभर फोन करून माफी मागितली. मोबाईल काढून घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी मामाजींनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. मी कपाट उघडलं आणि एकेक वस्तू काढून दाखवू लागले. शाल दाखवली, त्यांनी डोळे मिटले. बॅटरी दाखवली, डोळे मिटले. भिंग, रेल्वेचं जुनं वेळापत्रक, दाढीचा डबा. मग काळ्या रेक्झिनच्या म्यानात एक जाडजूड कॅल्क्युलेटर निघाला आणि डोळे उघडेच राहिले.

हा कॅल्क्युलेटर त्यांच्या एका साहेबांच्या मुलानं अमेरिकेहून आणला होता. साहेबांना तो चालवता येईना, म्हणून त्यांनी मामाजींना देऊन टाकला. तो आलेख काढायचा, त्यात प्रोग्राम लिहिता यायचे, आणि मामाजींनी नोकरीची अर्धी वर्षं कालव्याचे हिशेब त्याच्यावर केले होते. बटणं उठावदार होती, दाबली की टक असा आवाज व्हायचा. नवऱ्यानं दुकानातून सेल आणून घातले. मामाजींनी तो पोटावर ठेवला, डावा अंगठा फिरवला आणि बराच वेळ एकेक अक्षर शोधत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "चहा."

मी चहा केला. साखर कमी टाकली.

एकेक अक्षर टिपताना ते थकत होते. मी त्या यंत्राचं जाडं पुस्तक चाळलं आणि रस्ता दिसला. त्यात एखादी गोष्ट नाव देऊन साठवून ठेवता येते. साठवलेल्या नावांची पट्टी पडद्याच्या तळाशी दिसते. एका वेळी सहा नावं, सहा घरांत, आणि प्रत्येक घराखाली एक बटण. बटण दाबलं की त्या नावात साठवलेला मजकूर पडद्यावर येतो. सहाच्या वर नावं झाली की ती पुढच्या पानावर जातात आणि पान उलटायला वेगळं बटण असतं. मी एकेक शब्द साठवायला घेतला. पाणी, चहा, संडास, पंखा, दुखतं. उरलेलं एक घर मामाजींनी स्वतः भरलं, "नाही."

आधीची नावंही तिथं होतीच. पातळी, उतार, विसर्ग, साठा, असली कालव्याची नावं, तीही इंग्रजी अक्षरांत. माझे शब्द येत गेले तशी ती मागे सरकली. जागा व्हावी म्हणून मी विचारलं, "ही जुनी काढून टाकू का?" मामाजींनी डावा पंजा पूर्ण कॅल्क्युलेटरवर ठेवला. मी विषय सोडला.

त्या यंत्राची एक खोड होती. नवं नाव साठवलं की ते पट्टीत सगळ्यात पुढे बसायचं आणि बाकीची एक एक घर मागे सरकायची. नव्या आलेल्याला पहिली जागा, हे आमच्या घरच्या रीतीला धरून नव्हतं. शिवाय मामाजी पट्टी न बघता अंगठ्याच्या सवयीनं बटण दाबायचे. एके दिवशी मी "उशी" हा शब्द घातला आणि कॉलेजला निघून गेले. दुपारी मामाजींना चहा हवा होता. त्यांनी रोजचं बटण दाबलं, पडद्यावर "संडास" आलं. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याला त्याच्या दुकानातून बोलावलं, त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं, आणि तिघांनी मिळून मामाजींना उचलून नेलं. ते तिथं शांतपणे बसले, योग्य वेळ गेल्यावर परत आले आणि मग पट्टी नीट वाचून चहाचं बटण दाबलं. संध्याकाळी हे मला आत्याबाईंनी सांगितलं. मामाजी भिंतीकडे बघत होते.

मी रांग नीट करायला बसले. मला सुचलेला उपाय म्हणजे सगळे शब्द खोडायचे आणि उलट्या क्रमानं पुन्हा साठवायचे, म्हणजे शेवटी घातलेला पहिला येईल. मामाजी माझं ते काम बघत राहिले. पुन्हा एक शब्द वाढला, पुन्हा मी सगळं खोडलं, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा करायला घेतलं तेव्हा त्यांनी हात पुढे करून यंत्र मागितलं आणि अक्षरं टिपली. ओ, आर, डी, ई, आर.

मी वाचलं, "ऑर्डर." मला वाटलं हुकूम करताहेत. पण कसला ते कळेना. मी विचारलं, "काय करू, मामाजी?" त्यांनी जाड्या पुस्तकाकडे बोट केलं. मी पुस्तक दिलं. डाव्या हातानं पानं उलटत त्यांनी एक जागा काढून दिली. तिथं लिहिलं होतं की ऑर्डर नावाची एक आज्ञा आहे. महिरपी कंसात हवी ती नावं हव्या त्या क्रमानं लिहायची आणि ही आज्ञा द्यायची. नावं त्या क्रमानं पुढे येऊन बसतात, बाकीची मागे राहतात, काही खोडावं लागत नाही.

मी करून पाहिलं. झालं. मी म्हटलं, "हे आधीच सांगायचं ना." त्यांनी "दुखतं"चं बटण दाबलं आणि आपल्या तोंडाकडे बोट केलं. मग आमच्या लक्षात आलं की मधे आत्याबाई नव्हत्या. त्या मंदिरात गेल्या होत्या.

रांग बदलणं सोपं झाल्यावर पहिल्या सहा घरांत कोण बसावं हा प्रश्न सगळ्या घराचा झाला. नवऱ्याचं म्हणणं, "औषध पुढं पाह्यजे. बाबा गोयी घ्यायचं टाळून राह्यले." मी औषध पहिल्या घरात बसवलं. सकाळी पाहिलं तर ते शेवटच्या पानावर, उतार आणि विसर्ग यांच्या मधे होतं. मामाजींनी डाव्या अंगठ्यानं महिरपी कंस टाकून पूर्ण आज्ञा लिहिली होती. आत्याबाई म्हणाल्या, "देवाचं नाव पह्यलं पाह्यजे. सकाई उठल्याबरोबर दाबलं का झालं." मामाजींनी "नाही" दाबलं. त्या म्हणाल्या, "माणूस बोलत होता तवाबी असाच होता."

दोनेक दिवसांनी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पंख्याचं नाव हाये, उशीचं हाये. माहं काईच नाई काय वं त्याच्यात?"

मी यंत्र घेऊन बसले तर अडचण आली. मामाजींनी त्यांना कधी नावानं हाक मारलीच नव्हती. मी विचारलं, "ते तुम्हाला काय म्हणतात?"

"ऐकलं का, म्हणते."

मग मी "ऐकलं" हे नाव केलं. नुसतं अक्षर दिसून काय उपयोग, त्या स्वयंपाकघरात असणार. म्हणून त्यात आवाजाची आज्ञा घातली. दाबलं की यंत्र बारीक पी असं वाजायचं. आत्याबाईंनी पहिल्यांदा ऐकलं आणि नाराज झाल्या. "हे काय, मले कुकर लावला का?" पण दुसऱ्या दिवसापासून पी वाजलं की त्या आतूनच म्हणायच्या, "आली." आणि यायच्या. हे नाव मामाजींनी कधी मागच्या पानावर नेलं नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या सुमारास पट्टीत एक नवं नाव दिसलं. मी घातलेलं नव्हतं. डी, एच, ए, आर. बटण दाबलं की पडद्यावर तेच, डी, एच, ए, आर. मामाजी ते सकाळी उठल्याबरोबर दाबायचे आणि आमच्याकडे बघायचे.

आत्याबाई म्हणाल्या, "धार. दूध पाह्यजे त्याईले." त्यांनी गवळ्याकडून ताजं दूध मागवलं. मामाजी प्यायले आणि पुन्हा तेच बटण दाबलं. त्यांना दुसरा पेला मिळाला. नवऱ्याचं मत वेगळं होतं. "आई, ते धर म्हणून राह्यले. उठाचं असन त्याईले." त्यानं दोन्ही खांदे धरले. मामाजींनी "नाही" दाबलं. मला वाटलं नखं वाढलीत, धारेचं काहीतरी हवं असेल. मी नेलकटर आणला. त्यांनी नखं कापून घेतली, कारण नखं खरंच वाढली होती. आठवडाभर त्यांचं दूध चांगलं झालं. शेवटी एका दुपारी दम खाऊन त्यांनी पुढची दोन अक्षरं टिपली, ए आणि एन. सुरुवातीला ते अर्ध्यात थकले होते, एवढंच.

धरण.

नळगंगेचं धरण आमच्या घरापासून लांब नाही. तिथून निघणाऱ्या कालव्यावर मामाजींची सगळी नोकरी झाली होती. नवरा म्हणाला, "आता नाई, बाबा. धक्के लागतीन. डॉक्टर नाई म्हणते." मामाजींनी धरण पहिल्या घरात ठेवलं. नवरा मला म्हणाला, "ते मांग टाक बरं. डोयाले दिसलं का हट्ट करते." मी मागे टाकलं. सकाळी ते पहिल्या घरात होतं. मी पुन्हा मागे टाकलं, या वेळी अगदी शेवटच्या पानावर. सकाळी पुन्हा पहिल्या घरात. काही बोलणं नाही, भांडण नाही. दिवसा मी रांग लावायची, पहाटे ते लावायचे, आणि चहाच्या वेळी दोघंही काही झालं नाही असं दाखवायचे.

मग सुट्ट्या लागल्या आणि मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, त्यांना गाडीतून बाहेर न्यायचं असेल तर किती दिवस थांबावं लागेल?

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांना अजून बाहेर नेलंच नाही?"

धक्के बसू देऊ नका, हे त्यांनी म्हटलंच नव्हतं. शोध घेतला तेव्हा निघालं की ते आमच्या शेजाऱ्यांनी म्हटलं होतं. नवरा म्हणाला, "किल्ली खुंटीले हाये."

आत्याबाईंनी यायला नकार दिला. म्हणाल्या, "म्या लय पाह्यलं ते धरण. त्याईच्या नोकरीत दुसरं काई पाह्यलंच नाई." त्यांनी मामाजींना स्वेटर घालून दिला, कानटोपी घातली, दोन्ही काढायचं नाही म्हणून मला बजावलं. गाडीत बसल्याबरोबर मामाजींनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

मी गाडी सावकाश चालवली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. धरणावर पोचल्यावर तिथल्या चौकीदाराच्या मदतीनं मी मामाजींना खुर्चीत बसवून भिंतीच्या कडेशी आणलं. चौकीदार नवा होता, मामाजींना ओळखत नव्हता. मी सांगितलं, "हे इथं साहेब होते." तो म्हणाला, "असं का," आणि मान वाकवली.

मामाजींनी चष्मा सारखा केला आणि पाण्यात उभ्या असलेल्या मोजपट्टीकडे बराच वेळ बघितलं. मग कॅल्क्युलेटर मागितला. नावांच्या पट्टीची पानं उलटत ते शेवटच्या पानावर गेले. जुनी नावं तिथं होती. त्यांनी पातळीचे आकडे टिपले, "साठा" दाबलं. यंत्र थोडा वेळ विचार करत राहिलं आणि एक लांब आकडा पडद्यावर आला. मामाजींनी तो चौकीदाराला दाखवला.

चौकीदारानं वाकून पाहिलं. "हाव, बराबर असन," तो म्हणाला. "आता तं हे मोबाईलवरच येते, साहेब. रोज सकाई."

मामाजींनी मान हलवली. यंत्र बंद केलं नाही. महिरपी कंस टाकला आणि एकेक नाव लिहू लागले. मी वाकून पाहिलं. पातळी, साठा, विसर्ग, उतार. मग ऐकलं. मग चहा. आज्ञा दिली. पट्टी नव्यानं मांडली गेली.

चौकीदार निघून गेला. मी भिंतीवर टेकून उभी राहिले. वारा होता आणि पाणी मातकट निळं दिसत होतं. मी विचारलं, "मामाजी, हे पाणी कुठपर्यंत जातं?" त्यांनी डावा हात उचलून कालव्याची दिशा दाखवली, मग हात हळूहळू उजवीकडे नेला, थांबवला, आणखी थोडा नेला. कालवा कुठं वळतो ते दाखवत होते. हात खूप वेळ हवेत राहिला. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा झटक्यापासून गळायचाच, म्हणून मी त्यावरून काही ठरवलं नाही. डावा डोळा माझ्या बाजूला नव्हता.

परत येताना त्यांनी चहाचं बटण दाबलं. रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही गाडीतच चहा घेतला. साखर बरीच जास्त होती. त्यांनी मला काही कळवलं नाही आणि कप संपवला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी दारातच विचारलं, "काय पाह्यलं मंग?"

मामाजींनी तोंड उघडलं. ओठ एका बाजूला ओढले गेले आणि शब्द आला, जाड, पण ओळखू येण्यासारखा. "पाणी."

आत्याबाई आत गेल्या आणि ग्लास भरून घेऊन आल्या. मामाजींनी तो ग्लास पाहिला, आत्याबाईंकडे पाहिलं आणि पिऊन टाकला. आत्याबाई ग्लास घेऊन चार पावलं गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. मग ग्लास तसाच हातात धरून ओट्यावर बसल्या. मी गाडीतून कानटोपी आणायला गेले आणि जरा वेळ लावला.

त्यानंतर बोलणं येत गेलं. एकदम नाही. व्यायामाच्या बाई येत राहिल्या, मामाजी आरशासमोर बसून जीभ इकडून तिकडे नेत राहिले. एखादा शब्द तोंडानं नीट म्हणता आला की ते तो यंत्रातून खोडून टाकायचे. पंखा गेला, उशी गेली, औषधही गेलं, म्हणजे ते म्हणता येत होतं, घेणं वेगळं. उन्हाळ्यापर्यंत पट्टीत बहुतेक कालव्याचीच नावं उरली.

आणि बोलणं आलं तशी जुनी पद्धतही आली. एका सकाळी मी कप घेऊन समोर उभी होते. मामाजी आत्याबाईंकडे वळले आणि जड जिभेनं म्हणाले, "सूनबाईले... म्हणा..."

मला वाईट वाटलं. मला ते अपेक्षित नव्हतं. मी कप ठेवला आणि आत जायला वळले.

आत्याबाईंच्या दोन्ही हातांना भाकरीचं पीठ लागलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "तुमीच सांगा ना. ते काई बहिरी नाई. इतके दिवस मशिनीवर बोलून राह्यले, आता काय झालं?"

आणि भाकरी थापत राहिल्या. मामाजींनी घसा साफ केला.

"साखर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमी... झाली."

मी डबा आणला आणि एक चमचा टाकला. त्यांनी ढवळलं, घोट घेतला. मग खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडे बघत विचारलं, "आयतवारी... रिकामी हाये का?"

मी म्हटलं, "हाव, आहे."